तांब्याच्या रांजणातले नकार

एका राज्यात नकार कुणाच्याच कंठात उरला नव्हता. पूर्वी तेथे भाऊबंदकी फार माजली, म्हणून राजा वीरकेतू आणि नगरसभा यांनी कृष्णजट नावाच्या मांत्रिकाला पाचारण केले. त्याने प्रत्येकाचा ‘नाही’ काढून तांब्याच्या रांजणात कोंडला आणि रांजण डोंगरातल्या गुहेत नेऊन ठेवला. भांडणे मिटली. सभा सांगे, ते सारे करीत.

पुढे मांत्रिकाने अश्वाध्यक्ष भद्रसेनाची कन्या वज्रलेखा हिला मागणी घातली. सभेने एकमुखाने संमती दिली. भद्रसेनाने तोंड उघडले. बाहेर ‘होय’ एवढेच पडले. वज्रलेखेच्याही कंठातून ‘नाही’ निघेना. तिने घोड्यावर खोगीर चढवले आणि वेस ओलांडली.

रानात एक धनेश पक्षी बोलला, “कन्ये, कुठे निघालीस?”

“माझा शब्द आणायला.”

“गुहेला तीन दारे आहेत. त्या दारांत जो थांबतो, त्याचा दगड होतो.”

पहिल्या दारात सोन्याच्या पुतळीने मुकुट पुढे केला. “घे. राणी हो.” वज्रलेखेने मुठी घट्ट आवळल्या आणि ती पुढे गेली.

दुसऱ्या दारात साऱ्या नगराचा आवाज घुमत होता. “तू आमचीच. तुझ्या हट्टाने आमची घडी मोडेल. परत फीर.” त्यात तिच्या मैत्रिणींचेही स्वर होते. तिचे डोळे भरले. सारे ऐकत ती चालत राहिली.

तिसऱ्या दारात भद्रसेन उभा होता, कंबरेपर्यंत दगड झालेला.

“सभेने मला आडवाटेने पुढे धाडले,” तो म्हणाला. “परत चल, लेकी.”

त्याची नजर मात्र आतल्या वाटेकडे होती. तिने त्याच्या दगडी पावलांना हात लावला आणि ती आत शिरली.

कृष्णजट रांजणापाशी बसला होता. त्याने एक निळी ठिणगी तिच्या तळहातावर ठेवली.

“हा तुझा नकार. घे आणि सुखाने जा. बाकीचे इथेच राहू देत. लोकांना त्यांची आठवणही येत नाही.”

वज्रलेखेने ठिणगी गिळली. कंठ मोकळा झाला.

“नाही,” ती म्हणाली आणि तिने रांजण लोटून दिला.

रांजण आडवा झाला आणि झाकण उडाले. हजारो नकार मधमाश्यांसारखे घोंगावत उठले आणि नगराकडे निघाले. “थांबा,” मांत्रिक गरजला. थांबला तो एकटाच; त्याचाच मंत्र त्याच्यावर उलटला आणि तो जागीच दगड झाला. दारात भद्रसेनाचे पाय मोकळे झाले.

दोघे नगरात परतले, तेव्हा लग्नमंडप उतरवला जात होता. राजाच्या सिंहासनाशेजारून सभेचा वृद्ध प्रमुख संतापाने ओरडला.

“आता जो तो नकार देईल. मग राज्य चालायचे कसे?”

“आम्हाला विचारून चालवा,” वज्रलेखा म्हणाली.

प्रमुखाने राजाकडे पाहिले. राजा सिंहासनावरून उतरून लोकांत येऊन बसला.

तेव्हापासून त्या राज्यात आज्ञेआधी विचारणा होते. वाद होतात, उशीर होतो. राज्य चालते.