एक पायरी खाली

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात रत्नप्रभाबाई सामंत खिडकीशी बसल्या होत्या. एकट्याच. पाय सुजतात म्हणून लेकीने या खेपेस साध्या इकॉनॉमीऐवजी प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढून दिलं होतं.

शेजारी उद्योगपती राजाध्यक्ष येऊन बसले. बिझनेस क्लास भरल्यामुळे आपल्याला इथे यावं लागलं, हे त्यांनी हवाई सुंदरीला दोनदा आणि बाईंना एकदा ऐकवलं. मग म्हणाले, "बाई, माझा सेक्रेटरी मागे इकॉनॉमीत आहे. मला त्याच्याशी काम आहे. तुम्ही त्याच्या जागेवर जाऊन बसा. तुम्हाला मागची सवय असेलच."

हवाई सुंदरी अवघडून उभी राहिली.

"सवय आहे खरी," बाई म्हणाल्या. "पण साहेब, आज मी एक पायरी चढून इथे आलेय आणि तुम्ही एक पायरी उतरून. उतरायला लागलाच आहात तर आणखी एक उतरा, थेट सेक्रेटरीपाशी पोचाल."

पुढच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. राजाध्यक्षांनी कानांना हेडफोन लावले, ते जेवण येईपर्यंत काढले नाहीत.

बाईंनाही हसू फुटलं. असं काही बोलून आल्या की चाळीस वर्षं त्या घरी जाऊन आधी यजमानांना सांगत. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत आणि "पुन्हा सांग" म्हणत. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

खिडकीकडे तोंड करून बाईंनी सगळा किस्सा मनातल्या मनात पहिल्यापासून सांगून पाहिला. हसायची जागा आली, पण कुणी हसलं नाही.