अस्सल आवाज

ज्या काळी वस्तू बोलत आणि माणसं फक्त भाव विचारत, त्या काळी मिरजेत बापूसाहेब शिरगुप्पे नावाचे थोर संग्राहक राहत. त्यांच्या काचेच्या कपाटात एक जुनी इलेक्ट्रिक गिटार होती, मधे भरीव आणि दोन्ही कुशींना पोकळ. तिच्या पाठीवर जुन्या वादकाच्या कमरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे होते. बापूसाहेब ते पाहुण्यांना भिंगातून दाखवत. पण नवा ओरखडा नको म्हणून स्वतःही तिला हात लावत नसत. तारा गंजल्या होत्या, पण मूळच्या होत्या, म्हणून बदलायच्या नव्हत्या.

नातवाच्या बारशाला घरात एक ढोलकी आली. पूर्वी दोघी एकाच ऑर्केस्ट्रात होत्या.

“तुझं कातडं कितीदा बदललं गं?” गिटारनं नाक मुरडलं. “माझं सगळं अस्सल आहे.”

“कोण मोजतंय बाई! फाटलं की बदलतात, आणि मी पुन्हा वाजते,” ढोलकी म्हणाली.

पाळणा सुरू झाला. ढोलकीवर थाप पडली आणि कपाटातल्या गिटारची पोकळ कूस आपोआप घुमू लागली. तारा थरथरल्या, काच किणकिणली.

“अगं, मी अजून वाजते!” गिटार हरखून ओरडली.

“अरे देवा, तार तुटेल!” म्हणत बापूसाहेब धावले. त्यांनी कपाट उघडलं आणि गिटारच्या दोन्ही कुशींवरच्या भोकांत कापूस गच्च कोंबला.

पुढे एका पाहुण्यानं विचारलं, “हिचा आवाज कसा आहे हो?”

“अप्रतिम!” बापूसाहेब म्हणाले. “म्हणून तर आत जपून ठेवलाय.”