हैबतीची सुटका

शत्रूचा हत्ती नुसता शिंकला आणि सेनापती धाररावांसकट सगळी फौज पळाली. खिंडीच्या तोंडाशी पहाऱ्याला ठेवलेला हैबती तेवढा पायात भाला घुसला तरी जागचा हलला नाही.

राजवैद्याचं औषध मिळे ते सन्मानाने चाकरीतून सुटलेल्या शिपायांनाच. चिघळलेला पाय ओढत हैबती दरबारात आला, तर धारराव मिशीला पीळ देत म्हणाले, "तू फौजेबरोबर परतलाच नाहीस. तुला चाकरीतून मोकळं कोणी केलं?"

"कोणीच नाही, सरकार. मोकळं करायला कोणी थांबलंच नव्हतं."

"म्हणजे तू अजून पहाऱ्यावरच आहेस. मग औषध कसलं?"

"पहाऱ्यावर आहे, हे नक्की ना?"

"महाराजांसमोर सांगतो, नक्की."

हैबतीने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि धाररावांचे हात बांधायला घेतले. "आपलाच हुकूम होता, सरकार. रणातून पळेल त्याला बांधून महाराजांपुढे उभा कर. त्या दिवशी आपण घोड्यावर होतात, हाताला लागला नाहीत."

महाराज खो खो हसू लागले तसे धारराव ओरडले, "अरे, याला मोकळा करा. आत्ताच्या आत्ता, सन्मानाने."

हैबती मुजरा करून वैद्याकडे निघाला. "गाठ तेवढी दुसऱ्या कोणाकडून सोडवून घ्या, सरकार. मी आता चाकरीत नाही."