चौकातला सेनापती

ही गोष्ट फार फार जुनी. नदीकाठच्या एका नगरात एक वृद्ध प्रधान राहत होता. भर चौकात त्याच्या आजोबांचा दगडी पुतळा उभा होता. आजोबा सेनापती होते. शत्रूने वेढा घातला तेव्हा त्यांनी नदीचा बांध फोडला. शत्रूची फौज वाहून गेली आणि नगर वाचले.

पण त्याच पाण्यात खालचे एक गावही बुडाले. त्यातून वाचलेल्यांची नातवंडे पुढे नगरातच राहू लागली. एके दिवशी ती राजाकडे आली आणि म्हणाली, "महाराज, तो पुतळा चौकातून हलवा."

नगरात दोन तट पडले. राजाने सभेपुढे तसा कायदा मांडला. निम्मी सभा बाजूने, निम्मी विरुद्ध. शेवटी निर्णय एकट्या प्रधानाच्या मतावर येऊन ठेपला.

प्रधान मनातून दुखावला होता. आजोबांच्या मांडीवर तो वाढला होता. तरी मत देण्याआधी तो बुडालेल्या गावच्या एका म्हातारीकडे गेला.

"बाई, माझ्या आजोबांनी नगर वाचवलं, हे खोटं आहे का?"

"खोटं कशाला म्हणू, प्रधानजी? पण बांध फोडायचं आदल्या दिवशीच ठरलं होतं. 'पाणी येतंय, टेकडीवर जा,' एवढं सांगायला एक स्वार पुरे होता. कुणी आलंच नाही."

प्रधान घरी निघाला. त्याला आठवले, पुतळा उभा राहिल्यावर आजोबा त्या चौकातून कधी गेले नाहीत. दरबारात जायचे ते मागच्या गल्लीने. घरचे म्हणत, केवढा हा विनय! तो विनय नव्हता, हे प्रधानाला आज कळले.

दुसऱ्या दिवशी तो सभेत उभा राहिला. "आजोबांनी नगर वाचवलं, हे मी विसरणार नाही. गावाला सावध केलं नाही, हेही लपवणार नाही. पुतळा हलवा."

"घराण्याचं नाक कापलंत, दादा," धाकटा भाऊ म्हणाला, आणि त्याने येणेजाणे सोडले. प्रधानाने ते सोसले.

पुतळा उतरवताना कुणी ढोल वाजवले नाहीत. बुडालेल्या गावच्या माणसांनीच दोर धरले आणि दगडाचा टवका न उडवता पुतळा प्रधानाच्या अंगणात आणून ठेवला. प्रधानाने त्यांना जेवायला थांबवून घेतले आणि स्वतः त्यांच्याच पंगतीत बसला.

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आपल्या माणसाची चूक मान्य केल्याने त्याचा खरा मान कमी होत नाही.