गिधाडिणीच्या पोटातला जहाल रस

एका माळाच्या टोकाला, जिथे जमीन संपून उंच कडा सुरू होतो तिथे, एक कोल्हा, त्याची कोल्हीण आणि त्यांची तीन पिल्ले राहत होती. कड्याच्या कपारींत गिधाडांची घरटी होती. मुलांनो, गिधाड दिसायला सुंदर नाही हे मला मान्य आहे. तरी गोष्ट संपेपर्यंत त्याच्याकडे पाहून नाक मुरडू नका, एवढीच विनंती.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. उंदीर बिळांत खोल गेले होते आणि बोरे कधीच संपली होती. अशात माळावर एक म्हैस मरून पडली. पहिले दोन दिवस कोल्ह्याचे कुटुंब पोटभर जेवले. तिसऱ्या दिवशी मांसाला वास सुटला. चौथ्या दिवशी ते हिरवट पडले आणि नेमके तेच खाऊन धाकटे पिल्लू आजारी पडले. ते ओकले, त्याला जुलाब झाले आणि बिळाच्या तोंडाशी ते मान टाकून पडून राहिले. कोल्हिणीने त्या म्हशीकडे जायला सगळ्यांना बंदी केली.

त्याच दिवशी कड्यावरून एक म्हातारी गिधाडीण उतरली. तिने म्हशीच्या पोटात सबंध मान घातली आणि ती जेवू लागली. कोल्हा झुडपाआड बसून पाहत होता. तिच्या प्रत्येक घासाबरोबर त्याच्या तोंडाला पाणी सुटत होते आणि काळजात काहीतरी टोचत होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जाऊन बसला. आज तरी ही आजारी पडून घरट्यातच राहील, अशी त्याला आशा होती. पण ती आली, आणि आदल्या दिवशीपेक्षा जास्त जेवली.

"टकली मेली!" बिळात परत येऊन तो कोल्हिणीला म्हणाला. "मानेवर धड पिसे नाहीत, आवाज म्हणजे नुसती फुसफुस. आणि पोट बघ! आपल्या लेकराला एका घासाने आडवे केले, आणि ही बया लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखी रोज जेवते."

"जेवू दे की," कोल्हीण म्हणाली. "अहो, तुम्ही ओढ्यापलीकडे जा आणि एखादा सरडा आणा. तिचे घास मोजून आपल्या पोरांची पोटे भरणार आहेत का?"

कोल्हा गेला. त्याला एक सरडा मिळालाही. पण आपल्या वाट्याचा तुकडा खाताना त्याला चव लागेना. शेवटी न राहवून तो गिधाडिणीकडे गेला.

"मावशी, कुठले औषध घेता हो?" त्याने गोड आवाजात विचारले.

"औषध कसले बाबा! माझ्या पोटात आंबट रस होतो. फार जहाल असतो. सडके, किडके, काहीही पोटात जावो. रोगाचे बी त्यात मरून जाते."

"हा रस तुम्हांला दिला कोणी?"

"देणार कोण? पोटाच्या आतल्या भिंतीत बारीक बारीक खड्डे असतात. त्यांत ग्रंथी असतात आणि त्या ग्रंथींतल्या पेशी हा रस गाळतात. पण एक ऐक हं, त्या पेशींच्या शेजारीच दुसऱ्या काही..."

"कळले, मावशी, कळले!" असे म्हणून कोल्हा निघालासुद्धा.

मुलांनो, गोष्ट मध्येच थांबवून शास्त्र सांगू नये हे मला समजते. तुम्ही कंटाळाल अशी भीतीही वाटते. पण तुमच्या-माझ्या जठरातही असाच आंबट रस पाझरतो, हे इथेच सांगून ठेवतो. अन्नाचा नुसता वास आला तरी त्या पेशी कामाला लागतात. आता कोल्ह्याकडे वळू.

कोल्ह्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. रस तिच्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही. तो मिळाला की सगळा माळ माझा आणि माझे पिल्लूही बरे होईल. रस मिळवायची युक्ती त्याला ठाऊक होती. पोट तुडुंब भरलेल्या गिधाडाला चटकन उडता येत नाही. त्याला कोणी दचकवले, तर ते खाल्लेले सगळे ओकून टाकते आणि मगच हवेत उठते. हे माळावरच्या सगळ्या कोल्ह्यांना माहीत असते.

दुसऱ्या दिवशी गिधाडीण दुप्पट जेवली, कारण तिला वर कपारीतल्या पिल्लालाही भरवायचे होते. ती उडायच्या बेतात असताना कोल्ह्याने मागून झेप घेतली. बिचारी घाबरली. तिने एका सपाट दगडावर सगळे ओकून टाकले आणि ती कशीबशी कड्याकडे उडाली.

"अगं, धाकट्याला आण!" कोल्हा ओरडला. "औषध मिळाले!"

कोल्हीण पिल्लाला तोंडात धरून धावत आली. दगडावरचा प्रकार पाहून ती जागीच थबकली.

"हे औषध? आधी तुम्ही चाटा."

"चाटतोच! तुला काय वाटले, तिला पचते आणि मला पचणार नाही?"

असे म्हणून त्याने चांगली मोठी जीभ फिरवली. पुढच्या क्षणी तो जमिनीवर गडबडा लोळत होता. जीभ भाजली, घसा भाजला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पिल्लानेही कुतूहलाने दगडाकडे जीभ काढली होती. कोल्हिणीने त्याला मानेला धरून मागे ओढले नसते तर काय झाले असते, ते मला लिहवत नाही.

तीन दिवस कोल्ह्याला घोटभर पाणी गिळणेही जड गेले. शिकार कोल्हिणीनेच केली. ताजे मांस आणि ओढ्यातल्या डबक्याचे पाणी पोटात जाऊन धाकटे पिल्लू हळूहळू उभे राहिले. चौथ्या दिवशी गिधाडीण जरा अंतर ठेवून खाली उतरली.

"त्या दिवशी माझे पिल्लू उपाशी झोपले," ती म्हणाली. "त्याचा घास तू दगडावर सांडायला लावलास."

कोल्ह्याने मान खाली घातली. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "चुकलो, मावशी. पण एक सांगा, तुमचे पोट कसे जळत नाही?"

"तेच तर सांगत होते, तू थांबलास कुठे? रस गाळणाऱ्या पेशींच्या शेजारी दुसऱ्या पेशी असतात. त्या दाट, बुळबुळीत थर गाळून आतली सगळी भिंत लिंपून काढतात. तो थर सारखा झिजतो आणि त्या सारखा नवा घालतात. त्या एक दिवस थांबल्या, तर माझाच रस मला खाऊन टाकील. तुला माझा रस तेवढा दिसला. हे लिंपण कोणाला दिसते?"

कोल्ह्याचे डोळे चमकले. "मग तो थर कुठे मिळेल?"

"घ्या!" कोल्हीण म्हणाली. "जिभेवरचे फोड अजून गेले नाहीत, तोवर दुसरी खरेदी!"

गिधाडिणीलाही हसू आले. "अरे, तो तुझ्या पोटातही आहे. तुझ्या रसाला पुरेल एवढा आहे. उंदीर खा, सरडे खा, ताजे मिळेल ते खा. तुझे पोट कधी तक्रार करणार नाही."

एवढे बोलून ती म्हशीकडे वळली आणि जेवू लागली. कोल्हा पाहत राहिला. हेवा काही एका दिवसात जात नाही. पहिल्या घासाला त्याला पुन्हा टोचलेच. दुसऱ्या घासाला मात्र तो उठला आणि म्हशीकडे पाठ करून उंदरांची बिळे हुंगत ओढ्याच्या दिशेने चालू लागला.

तात्पर्य, मला उमगले तेवढे : दुसऱ्याच्या ज्या शक्तीचा आपण हेवा करतो, ती त्याला स्वतःला जाळू नये म्हणून तो आतून काय काय सोसत आणि सांभाळत असतो, ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तिचा हेवा करू नये आणि ती हिसकावू तर मुळीच नये.