परसातली पांढरी रेघ

एक होतं परस. परसात होतं खुराडं, आणि खुराड्यात होतं राज्य. राज्य म्हटलं की राजा आलाच. तो होता तुरेबहाद्दर कोंबडा. बांग द्यायची आणि ती दिल्याबद्दल स्वतःचं कौतुक करून घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पण ते तो मन लावून करी.

प्रजा म्हणजे कोंबड्या. त्यांनी अंडं घातलं रे घातलं, की कोठारमंत्री मुंगूसराव ते 'सुरक्षित ठेवायला' घेऊन जात. मुंगसाला कोठारमंत्री कुणी केलं, असं विचारू नका. अंड्यांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

याच राज्यात झिपरी नावाची कोंबडी होती. बाईला एकच ध्यास: आपली अंडी आपण उबवायची, आपलं पिल्लू आपण बघायचं. पण खुडुक बसायला जावं, तर खाली अंडंच नसे. फार तुटायचं तिच्या पोटात.

एके सकाळी खुराड्याची कडी गंजून गळून पडली. दार सताड उघडं! तुरेबहाद्दर टुणकन छपरावर चढला.

"माझ्या प्रिय पिसांनो, ही कडी मी तोडली!"

कोंबड्यांनी पंख फडफडवले, पण बाहेर कुणी पडेना. जन्मात बाहेर गेलं होतं कोण? सगळ्या उंबऱ्याशी 'आधी तू, आधी तू' करत अडून बसल्या. शेवटी झिपरीने डोळे मिटून उडी मारली. खाली गवत! गवतात किडे!

"अगं बाई, हे फुकट आहे!" ती किंचाळली, तशा बाकीच्या भसाभस बाहेर.

मग काय, नुसती चंगळ! कुणी कर्दळीखाली अंडी घातली, झिपरीच्या मैत्रिणीने, ठिपकीने, तुटक्या घमेल्यात घातली. झिपरी अळूच्या बुंध्याशी खुडुक बसली. इकडे कोठार ओस पडलं आणि मुंगूसराव वाळून काडी झाले.

"महाराज, मोकळीक फार झाली," ते म्हणाले. "रेघ ओढा."

आता कोंबडीची एक खोड असते. चोचीसमोर पांढरी रेघ ओढली, की ती रेघेकडेच बघत बसते. जगबुडी आली तरी मान वर करत नाही. तुरेबहाद्दरने चुन्याच्या फक्कीने परसाच्या मधोमध रेघ मारली आणि भाषण ठोकलं.

"भगिनींनो, ही रेघ म्हणजे आपली शान! पलीकडच्या तुमची गांडुळं पळवतात! नजर हलवू नका!"

मग तोंड फिरवून हेच भाषण त्याने पलीकडच्यांनाही ऐकवलं. दोन्हीकडच्या कोंबड्या रेघेला चोच टेकवून बसल्या. "रेघ आमची! रेघ आमची!" आणि मुंगूसराव निवांत झुडपं धुंडाळू लागले.

झिपरीने रेघ पाहिलीच नव्हती. खुडुक कोंबडीला अंड्यांपुढे दुसरं काही सुचत नाही, म्हणून बिचारी वाचली. मुंगूसराव अळूत शिरले, तशी तिने त्यांच्या नाकावर अशी चोच हाणली की मंत्रिमहोदय केकाटले. पण हटेनात. एकटी किती पुरी पडणार? एक अंडं गेलंच. ठिपकीची तर केव्हाच गेली होती.

"अगं भवान्यांनो, इकडे या!" झिपरी जीव तोडून ओरडली. "मेला सगळ्यांचीच अंडी नेतोय! मिळून तुटून पडलो तर शेपूट घालून पळेल!"

हाकेच्या अंतरावर बसलेल्या ठिपकीने सगळं ऐकलं. मान मात्र वर केली नाही.

"ते बघू गं नंतर," ती म्हणाली. "आधी सांग, तू रेघेच्या अलीकडची की पलीकडची?"