सभापतींचं लॉगिन

पूर्वी आम्हा हळद व्यापाऱ्यांची बोली रुमालाखाली, बोटं दाबून व्हायची. आता ती गुपचूप संगणकात भरतो. तो संगणक सांभाळणारी रेवती म्हेत्रे एकदा बाजार समितीचे सभापती आबासाहेब खोतांना म्हणाली, "कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातच, भोक सापडलंय. साध्या लॉगिनवाला त्यातून सर्वाधिकारी होईल आणि सगळ्यांच्या बोल्या वाचेल. दुरुस्तीला तासभर सौदा थांबवावा लागेल."

"ऐन हंगामात? अहो, साध्या लॉगिनला अधिकारच नसतात. हे घ्या शिपायाचं लॉगिन, माझ्यादेखत करून दाखवा. नाही जमलं तर उद्यापासून येऊ नका."

आम्ही मंडळी चहा पीत बघत होतो. रेवतीने शांतपणे काहीतरी टाइप केलं आणि म्हणाली, "आबासाहेब, आता तुमचं लॉगिन उघडा."

ते उघडेना. "माझं लॉगिन कुणी बंद केलं?"

"शिपायाच्या लॉगिनने."

"त्याला अधिकार कुणी दिला?"

"कुणीच नाही. आपण म्हणता तसं त्याला अधिकारच नाहीत, म्हणजे तुमचं लॉगिन चालूच असणार. पुन्हा बघा ना उघडून."

आबासाहेबांनी पुन्हा काही बघितलं नाही. चष्मा पुसत ते मला म्हणाले, "शेठ, आज सौदे तासभर उशिरा काढू."